भेदभावविरोधी यंत्रणेचा निधी आणि फी (कोकण)

जातीवरून किंवा गावकीच्या (गावातल्या पंचमंडळींच्या) रागावरून माणसाला अडवलं तर दाद मागायच्या ज्या सरकारी जागा आहेत, म्हणजे अनुसूचित जाती आयोग, मानवी हक्क आयोग, जिल्ह्याचं समाज कल्याण ऑफिस, त्या कुणाच्या पैशावर चालतात आणि तक्रारदाराच्या खिशातून काय जातं, त्याबद्दलची ही नोंद. आयोगांकडे तक्रारीला फी नाही, एवढं बहुतेकांना माहीत असतंच.

या यंत्रणेची सुरुवात कुठून धरायची हा वादाचा मुद्दा. कुणी १९५० चं विशेष अधिकाऱ्याचं पद (घटनेचं कलम ३३८) धरतं, कुणी १९५५ चा अस्पृश्यता कायदा. पण कोकणापुरतं बघायचं तर त्याच्या बरंच मागे जावं लागतं. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले (भंडारी समाजातले) यांचा ठराव पास झाला, की सरकारी पैशातून बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. ठरावाचा आधारच पैसा होता, ज्याला सार्वजनिक पैसा लागला ते सगळ्यांचं. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ ला चवदार तळं खुलं करायचा ठराव केला खरा पण पाणी काही मिळालं नाही, म्हणून ऑगस्ट १९२६ मध्ये बोल्यांनी पुढचा ठराव आणला की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं हे पाळत नाहीत त्यांची ग्रांट बंद करा. १९२३ चा ठराव जास्त गाजलेला असला तरी ग्रांटला हात घालणारा म्हणून १९२६ चाच खरा आरंभ मानणं जास्त पटतं.

मार्च १९२७ चा सत्याग्रह सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला (तारीख नेमकी बोले ठरावाचीच, हा योगायोगच असावा) आणि डिसेंबरात सवर्ण मंडळी कोर्टात गेली, म्हणणं असं की तळं खासगी आहे. म्हणजे वाद पुन्हा तिथेच, तळं कुणाचं आणि त्यावर पैसा कुणाचा. महाड, ठाणे आणि मग हायकोर्ट असं करत १७ मार्च १९३७ ला निकाल लागला, अनादि काळापासूनची वहिवाट वादींना (म्हणजे सवर्णांना) सिद्ध करता आली नाही. दहा वर्षांचा कोर्टखर्च झाला तो वेगळाच.

आजची व्यवस्था थोडक्यात अशी. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाला केंद्राच्या बजेटमधून पैसे मिळतात, राज्य मानवी हक्क आयोगाला राज्य सरकारचं अनुदान (१९९३ च्या मानवी हक्क कायद्याचं कलम ३३). १९५५ च्या अस्पृश्यता आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक (ॲट्रॉसिटी) कायद्यांच्या अंमलबजावणीत आधीपासून ठरून गेलेला (बांधील) खर्च राज्याचा आणि त्यावरच्या खर्चातला निम्मा केंद्राचा. आंतरजातीय लग्नाला मिळणाऱ्या ५०,००० रुपयांच्या मदतीतही निम्मे-निम्मे. अत्याचाराच्या केसमध्ये पीडिताला ॲट्रॉसिटी कायद्याच्या २०१६ च्या नियमांनुसार ८५,००० ते ८,२५,००० रुपये मिळतात, पण एकरकमी नाहीत, एफआयआर, चार्जशीट, शिक्षा अशा टप्प्यांनी. पाणवठा खराब केला तर साफसफाईचा खर्च सरकारचा आणि शिवाय ८,२५,००० रुपये कलेक्टरकडे, वस्तीसाठी काहीतरी उभारायला.

तक्रार फुकट असली तरी जाण्यायेण्याला पैसे लागतातच. खटला रत्नागिरीला असेल तर मंडणगडच्या माणसाचा एसटीत अख्खा दिवस मोडतो, दोडामार्गवाल्याला ओरोस (सिंधुदुर्गचं जिल्ह्याचं ठिकाण) गाठायचं म्हणजे मजुरी बुडाली. त्यासाठीच ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत नियम ११ आहे, पीडित, त्याच्यावर अवलंबून असलेले आणि साक्षीदार यांना प्रवासभाडं आणि दिवसाचा भत्ता मिळतो. मागितल्याशिवाय तो कुणी आणून देत नाही, एवढं धरून चालावं. कागद हवे असतील तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, पानामागे २ रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी माफ.

गावकीचं प्रकरण उलटं आहे. तिथे फी घेते गावकीच. वाळीत टाकलेल्या घराला परत घ्यायचं तर दंड भरायचा, आणि रायगड, रत्नागिरीकडे तो घरादाराला बुडवणारा असू शकतो. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातली रक्कम कोर्ट पीडितालाच द्यायला सांगू शकतं.