नुसतं हेड आणू नका: कमी खर्चात कॉम्प्रेशन वाढवणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

इंजिनकामाला गाडी खोलली की बरेच ग्राहक आमच्या मशीनशॉपला नुसतं हेड (सिलिंडरवरचं झाकण) घेऊन येतात आणि सांगतात, "फेसिंग मारताना एक मिलिमीटर जास्तच काढा, कॉम्प्रेशन वाढेल." फेसिंग म्हणजे पृष्ठभाग तासून सपाट करणं आणि कॉम्प्रेशन म्हणजे पेटण्याआधी मिश्रण किती दाबलं जातं ते. जास्त तासलं की ते वाढतं, हे खरंच आहे. पण किती वाढेल हे एकट्या हेडवरून कळत नाही आणि काढलेलं अ‍ॅल्युमिनियम परत लावता येत नाही. म्हणून मापाशिवाय आम्ही जास्तीचं फेसिंग करत नाही. मग हेड तसंच पडून राहतं, ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा भाग) आणायला मेकॅनिकची दुसरी खेप होते आणि तुमचेच दिवस जातात.

त्याआधी एक खात्री करा. "कॉम्प्रेशन गेलंय" आणि "कॉम्प्रेशन वाढवायचंय" ही दोन वेगळी कामं आहेत. गेजवर दाब कमी दिसत असेल, सिलिंडरा-सिलिंडरात 1 किलोपेक्षा (दर चौरस सेंटिमीटरला) जास्त फरक असेल, तर कुठेतरी गळती आहे. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. दाब चढला तर रिंग-बोअर संपलेत. नाही चढला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत किंवा गॅस्केट फुटलंय. अशा इंजिनाचं हेड तासून पैसे वाया जातील.

आता हिशेब. उदाहरण कार्ब्युरेटरवाल्या मारुती 800 चं घेऊ, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच असते. बोअर (सिलिंडरचा व्यास) 68.5, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 72 मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडरचे 265.3 सीसी. कंपनीचं कॉम्प्रेशन गुणोत्तर (मिश्रण किती पट दाबलं जातं) 8.7, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा साधारण 34.5 सीसी. बोअरिंग करून (बोअर मोठा करून) 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकला की सिलिंडर 269.2 सीसीचा होतो आणि वरची जागा तेवढीच राहिली तर गुणोत्तर 8.8 होतं. 9.4 हवं असेल तर वरची जागा 32 सीसीच्या आसपास आणावी लागेल, म्हणजे अडीच सीसी कमी.

ही अडीच सीसी कुठून काढायची, यातच सगळं काम आहे. हेडमधल्या चेंबरचं (मिश्रण पेटतं त्या खोलगट जागेचं) तोंड बोअरपेक्षा लहान असतं. ते 30 चौरस सेंटिमीटर भरलं, तर हेडच्या प्रत्येक 0.1 मिलिमीटरमागे 0.3 सीसी जाते. ब्लॉकवर मात्र पूर्ण बोअर मिळतो, तिथे तेवढ्याच फेसिंगला 0.37 सीसी जाते. पण आम्ही ब्लॉकचा आग्रह धरतो तो दुसऱ्या कारणासाठी. टीडीसीला (पिस्टन अगदी वर असताना) पिस्टन ब्लॉकच्या पातळीखाली 0.5 राहत असेल आणि गॅस्केट दाबल्यावर 1.2 भरत असेल, तर पिस्टनचा माथा आणि हेडची सपाट बाजू यांत 1.7 मिलिमीटरची फट राहते. हेड कितीही तासलं तरी ही फट बदलत नाही. कोपऱ्यातल्या या फटीतलं मिश्रण शेवटी आपोआप पेटतं आणि इंजिन नॉक करतं (ठोकल्यासारखा आवाज येतो). फट कमी असली की तेच मिश्रण प्लगकडे ढकललं जातं, उरलेला पातळ थर धातूला लागून थंड राहतो आणि त्याच पेट्रोलवर जास्त गुणोत्तर चालून जातं. म्हणून वरच्या उदाहरणात आम्ही ब्लॉक 0.4 आणि हेड 0.3 ते 0.35 घेऊ. गुणोत्तर तेवढंच, फट 1.3 वर. बोअरिंगला ब्लॉक मशीनवर येणारच असतो, त्यामुळे फेसिंगचा खर्च त्यात फार वाढत नाही. मात्र गरम इंजिनात पिस्टन-रॉड लांबतात, तेव्हा गॅस्केटसकट ही फट 0.9 च्या खाली आम्ही जात नाही.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या हेडला आधी कुणी फेसिंग केलं असेल तर सगळे बदलतील. चेंबर आम्ही असा मोजतो: व्हॉल्व्ह ग्रीस लावून बसवायचे, प्लग लावायचा, हेड उलटं समपातळीत ठेवून वर भोकाची अ‍ॅक्रिलिक पट्टी ग्रीसने चिकटवायची आणि ब्युरेटने रॉकेल सोडायचं. तिन्ही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत जुळायला हवेत. हे माप व्हॉल्व्ह सीटचं काम झाल्यावरच घ्यायचं. व्हॉल्व्ह खोल बसला की चेंबर मोठा होतो आणि आधी केलेला हिशेब चुकतो.

बसवताना मेकॅनिककडून दोन गोष्टी करून घ्या. पिस्टनवर क्लेचा गोळा ठेवून जुन्या गॅस्केटवर हेड कसा, टायमिंग लावा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा आणि क्ले कापून बघा. इनटेकला 1.5 आणि एक्झॉस्टला 2 मिलिमीटर तरी जाडी हवी, तीच व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली फट. दुसरं, हेड खाली आल्याने बेल्टच्या हिशेबाने कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) थोडा मागे पडतो. ब्लॉक-हेड मिळून 0.7 ला क्रँकवर एखाद-दीड अंशच होतो, पण "खालून पिकअप मंद वाटतो" ही तक्रार इथूनही येते. इग्निशन सुरुवातीला दोन अंश मागे ठेवून आंबा घाटासारख्या चढावर भरलेली गाडी चालवून बघा. आवाज नसेल तर हळूहळू पुढे घ्या.

ई20 पेट्रोलचा ऑक्टेन चांगला आहे, गुणोत्तराला मदतच होते. पण कार्ब्युरेटर स्वतःहून मिश्रण सुधारत नाही. इंजिन लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालत असेल तर जेट बदलावा लागेल, जुने रबरी पाइपही बदलून घ्या. सीएनजीला जास्त गुणोत्तर मानवतं, तरी गाडी अधूनमधून पेट्रोलवर चालणार असेल तर मर्यादा पेट्रोलचीच धरायची.

फायदा किती? 8.7 वरून 9.4 ला कागदावर इंजिनाची कार्यक्षमता दोन-अडीच टक्क्यांनी वाढते. बोअर सरळ, सीट नीट आणि रिंग बसलेली नसेल तर एवढं त्यात सहज हरवतं. बजेट तुटपुंजं असेल तर आधी व्हॉल्व्ह सीट आणि होनिंगवर (बोअरची शेवटची घासणी) खर्च करा, मग फेसिंगवर.

येताना हे सगळं एकाच खेपेत आणा: ब्लॉक, क्रँक, एक रॉड, नवे पिस्टन, हेड व्हॉल्व्हसकट, जे गॅस्केट बसणार आहे तेच नवं गॅस्केट आणि जमलं तर जुनं दाबलेलंही. पिस्टन नसतील तर बोअरिंगला हात लावत नाही, कारण बोअर पिस्टन मोजून त्याच्या मापाने करायचा असतो. बोअरिंग, सीट आणि फेसिंग तिन्ही आमच्याकडे असेल तर मापाचे पैसे वेगळे लागत नाहीत. चेंबर, डेक (पिस्टन ब्लॉकच्या पातळीखाली किती राहतो) आणि गुणोत्तराची चिठ्ठी कामासोबत मिळते, ती जपून ठेवा. पुढच्या वेळी हेड उघडलं तर तीच लागेल. फक्त हेड आणलंत तर वाकलेपणा काढण्यापुरतंच फेसिंग करून देऊ.