अनोळखी माणसाने तुमच्या साइटमधली फट दाखवली तर

ज्या संस्थांनी आपली वेबसाइट, ऑनलाइन नोंदणी किंवा पावत्यांचं काम आमच्याकडे सोपवलं आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. ऑफिसात रोजचे ईमेल जो कोणी उघडतो, त्याच्या हातात ते आधी द्या. साहेबांनी नंतर वाचलं तरी चालेल, कारण असा निरोप पहिल्यांदा येतो तो ईमेल उघडणाऱ्याकडेच.

मध्यंतरी आमच्या एका ग्राहक संस्थेला ईमेल आला: ‘तुमच्या पावतीच्या पानावर वरच्या पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याची पावती उघडते. मी एकच उघडली आणि लगेच बंद केली. हे कोणाला कळवायचं?’ पाठवणारा अनोळखी, भाषा घाईची, खाली नुसतं टोपणनाव. ऑफिसने तो जंकमध्ये टाकला. दुसऱ्या ईमेलचंही तेच झालं. तिसऱ्या खेपेला त्याने साइटच्या तळाशी आमचं नाव पाहिलं आणि आम्हाला गाठलं. दुरुस्ती एका दुपारची होती. निरोप पोचायला मात्र सात आठवडे गेले होते, आणि तेवढे दिवस पावत्या उघड्या होत्या. ते पान आमच्याच हातचं. शिवाय चूक दिसली तर कुठे कळवायचं, हे आम्ही साइटवर कुठेच लिहिलं नव्हतं. दोन्ही दोष आमचे, म्हणून हे पत्रक.

त्या पानाचं काय चुकलं होतं

पावती क्रमांक ४११७ मागितली की सर्व्हर एवढंच बघायचा, की समोरच्याने लॉगिन केलंय का. केलेलं असायचं. ही पावती त्याचीच आहे का, हे तो बघतच नव्हता. इमारतीच्या दारात ओळखपत्र तपासायचं आणि आतली कपाटं सताड उघडी ठेवायची, तसला प्रकार. पावत्या ओळीने क्रमांकलेल्या, त्यामुळे ४११७ नंतर ४११८ हे कोणालाही सुचावं. पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी या फटीला काही फरक पडत नाही. ही चूक दुर्मीळही नाही. वेब सॉफ्टवेअरमधल्या मुख्य धोक्यांची यादी काढणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने २०२१च्या यादीत हाच प्रकार, म्हणजे ज्याचं त्यालाच दिसेल याची नीट तपासणी नसणं, पहिल्या क्रमांकावर ठेवला होता.

त्या माणसाने पुढे काय केलं, ते बघण्यासारखं आहे. त्याने स्वतःचीच दोन खाती उघडली, एका खात्यातून दुसऱ्याची पावती पाहिली आणि त्या दोन पानांचे स्क्रीनशॉट आम्हाला पाठवले. पुरावा पक्का, आणि कोणा तिसऱ्याचं नावसुद्धा त्यात नाही. जबाबदारीने कळवणं म्हणतात ते हेच. ४११८ नंतर ४११९, ४१२० असं करत हजार पावत्या उतरवून घेऊन ‘बघा, किती मिळाल्या’ म्हणणारा माणूस फट तीच दाखवतो, पण त्याने हद्द ओलांडलेली असते.

ईमेल कोणत्या जातीचा आहे

कामाच्या ईमेलमध्ये तीन गोष्टी असतात: फट कुठे आहे, ती पुन्हा दिसायला काय काय करावं लागतं, आणि तिचा गैरवापर झाला तर काय बिघडेल. भाषा मोडकी असेल, नाव खोटं असेल, त्याकडे जाऊ नका. तपशील खरा आहे का, ते आम्ही पाहू.

दुसरी जात जास्त येते. कुठलंतरी तयार साधन शेकडो साइटवर फिरवायचं आणि सगळ्यांना एकच मजकूर धाडायचा: ‘तुमच्या डोमेनला अमुक नोंद नाही, बक्षीस कधी देता?’ बहुतेक वेळा त्यात फारसा दम नसतो. तरी आमच्याकडे पाठवा. एखादा बरोबर निघतो.

तिसरी जात ‘आधी पैसे, मग सांगतो’ म्हणणाऱ्यांची. ही खंडणी आहे. उत्तर देऊ नका, ईमेल पुसू नका, आम्हाला फोन करा. पोलिसांकडे जायचं ठरलं तर तोच ईमेल पुरावा म्हणून लागेल.

आणखी एक. ‘सुरक्षा अहवाल’ म्हणून जोडलेली फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडू नका. फट दाखवण्याच्या बहाण्याने सापळा लावणारेही आहेत. ईमेल आहे तसा आमच्याकडे पुढे पाठवा, फाइल आम्ही वेगळ्या मशीनवर उघडतो.

उत्तर त्याच दिवशी द्या

उत्तर लांबलचक नको. ‘तुमचा ईमेल मिळाला. आमच्या तांत्रिक माणसांकडे दिला आहे. पाच कामाच्या दिवसांत कळवतो. तोवर तपशील तुमच्यापाशीच ठेवावा, ही विनंती.’ बस. चूक कबूल करू नका, नाकारूही नका. तपासाआधी दोन्ही घाईचं ठरतं. वकिलाची नोटीस पाठवण्याची हौस मात्र आवरा. नोटीस मिळालेला माणूस पुढची फट तुम्हाला सांगणार नाही, आणि ती ज्यांना सापडेल ते काही विचारायला येणार नाहीत.

किती दिवस गप्प राहा म्हणायचं, हा प्रश्न येतोच. अशा फटी संबंधित कंपन्यांना कळवणारं कार्नेगी मेलन विद्यापीठातलं सर्ट समन्वय केंद्र साधारण ४५ दिवस थांबतं, फटी शोधणारा गूगलचा प्रोजेक्ट झीरो हा गट ९०. त्यानंतर ते फट जाहीर करतात, दुरुस्ती झालेली असो वा नसो. ऐकायला कडक वाटतं, पण मुदत नसली की दुरुस्ती ‘पुढच्या महिन्यात’वर ढकलली जाते, हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

गुप्तता किती टिकते, याचं एक उदाहरण आहे. २००८मध्ये डॅन कॅमिन्स्की यांना डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत, मुळातलीच फट सापडली. आलेलं उत्तर खरं की बनावट हे ओळखायला तिथे एक खूणक्रमांक असतो, आणि तो ६५,५३६ पैकीच एक असू शकतो. चिकाटीने बनावट उत्तरांचा मारा केला तर तो जुळतो, आणि मग लोकांना भलत्याच साइटवर नेता येतं. कॅमिन्स्की यांनी गाजावाजा न करता एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या अभियंत्यांना एकत्र बसवलं आणि ८ जुलै २००८ला अनेक कंपन्यांचे पॅच, म्हणजे फट बुजवणाऱ्या दुरुस्त्या, एकाच दिवशी बाहेर पडले. तपशील ऑगस्टपर्यंत झाकून ठेवायचं ठरलं होतं. ते दोन आठवड्यांच्या आत फुटले. तोवर निदान पॅच तरी हाताशी होते.

परवानगी आणि पैसे

तुमच्या साइटवर आम्ही एक छोटं पान टाकणार आहोत. प्रामाणिकपणे, इतरांच्या माहितीला हात न लावता कोणी फट शोधून आधी आपल्याला कळवली, तर संस्था त्याच्यावर कारवाई करणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असेल. साइट बंद पाडून बघणं, कर्मचाऱ्यांना फोनवर फसवून पासवर्ड काढणं, माहिती उतरवून घेणं याला परवानगी नाही, हेही असेल. ही परवानगी फक्त तुमच्या मालकीच्या भागापुरती देता येते. पैसे भरायचं पान दुसऱ्या कंपनीचं असतं. त्यावर प्रयोग करा असं तुम्ही म्हणू शकत नाही, आम्हीही नाही.

फट दाखवणाऱ्याला पैसे देण्याची पद्धत जुनी आहे, नेटस्केपने १९९५मध्येच तशी योजना काढली होती. लहान संस्थेने मात्र बक्षिसाची जाहिरात करू नये, असं आमचं मत. दुसऱ्या जातीच्या ईमेलचा पूर येतो आणि खरा ईमेल त्यात बुडतो. खऱ्या माणसाला दुरुस्तीनंतर आभाराचं पत्र द्या, त्याची इच्छा असेल तर साइटवर नाव द्या. वर काही द्यावंसं वाटलं तर तुमची मर्जी.

दुरुस्ती झाल्यावर आम्ही त्यालाच पुन्हा तपासायला सांगतो. शिवाय जुने लॉग, म्हणजे कोणी कधी काय उघडलं याच्या सर्व्हरवरच्या नोंदी, चाळतो, कारण फट त्याच्याआधी आणखी कोणाला सापडली होती का, हे तिथेच कळतं. म्हणून ईमेल आल्यावर घाबरून सर्व्हरवरचं काहीही पुसू नका.

आता तुमच्याकडून काय हवं

दोन नावं. एक, सुरक्षेसाठीच ठेवलेल्या वेगळ्या ईमेल पत्त्यावर आलेलं रोज वाचणाऱ्याचं. दुसरं, तो रजेवर असताना वाचणाऱ्याचं. हा पत्ता आम्ही ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये टाकतो. ती कुठे ठेवायची आणि कशी लिहायची, याचा नमुना एप्रिल २०२२मध्ये आरएफसी ९११६ म्हणून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धती लिहून ठेवणारे क्रमांकित दस्तऐवज) प्रसिद्ध झाला आहे, त्यामुळे फट सापडलेला माणूस ती बरोबर शोधतो. तिच्यात दोनच गोष्टी सक्तीच्या आहेत: संपर्क आणि मुदतीची तारीख. आम्ही मुदत वर्षाच्या आतली टाकतो. ती उलटायच्या महिनाभर आधी आमचा फोन येईल. तेव्हा ती दोन माणसं अजून त्याच कामावर आहेत का, एवढं सांगा.