राजीनाम्यानंतर कंपनीने घरी बसवलं, तर आधीच मंजूर झालेल्या रजेचं काय?

‘उद्यापासून येऊ नका, नोटीस पिरियडचा पगार मिळेल’ असं कंपनी सांगते, त्याला गार्डन लीव्ह म्हणतात. नावात लीव्ह असलं तरी ती रजा नव्हे. तुम्ही नोकरीतच असता, पगार आणि पीएफ चालू राहतो, फक्त काम दिलेलं नसतं. आपल्या कायद्यात तिची वेगळी व्याख्या नाही. त्यामुळे पहिला कागद म्हणजे तुमचं नेमणूकपत्र. ‘शिल्लक रजा नोटीसच्या काळातच संपवावी’ असं कलम त्यात आहे का, ते राजीनाम्याआधी वाचा.

समजा, सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये तुमच्या 18 पीएल, म्हणजे भरपगारी रजा, शिल्लक आहेत. सिद्धेश्वर यात्रेसाठी 13 ते 16 जानेवारी अशी 4 दिवसांची रजा डिसेंबरातच मंजूर झाली. 1 जानेवारीला तुम्ही राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी घरी बसवलं गेलं. मंजूर रजा आपोआप रद्द होत नाही. सिस्टीम ते 4 दिवस वजा करते आणि हिशेब 14 दिवसांचाच होतो. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 15,600 रुपये असतील, तर 26 ने भागून रोजचे 600, म्हणजे 2,400 रुपये गेले. काही ठिकाणी 30 ने भागतात, मग रोज 520 पडतो. कशाने भागलं ते फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या, कागदावर लिहून मागा.

म्हणून घरी बसवल्याचं पत्र मिळताच एचआरला ईमेल करा: अमुक तारखांची मंजूर रजा रद्द करून शिल्लक रजेत जमा करावी. तारीख उलटण्याआधीच करा, नंतर त्या महिन्याची हजेरी सिस्टीममध्ये बंद झाली की कुणी उघडत नाही. मात्र गार्डन लीव्हमध्ये बोलावलं तर हजर राहावं लागतं. परगावी जायचं असेल, तर रजा तशीच ठेवणं बरं.

सगळ्यात मोठी अडचण लॉगिनची. ते बहुधा त्याच दिवशी बंद होतं. राजीनामा देण्याआधीच या प्रती स्वतःकडे घ्या: नेमणूकपत्र, रजेची मंजुरी, शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट, शेवटच्या तीन पगारपावत्या. राजीनाम्याची पोच आणि घरी बसवल्याचं पत्रही जपून ठेवा.

कामगार संहितेनुसार वर्षात 180 दिवस काम केलेल्या कामगाराला दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते. नोकरी सोडल्यावर उरलेल्या रजेचे पैसे दुसरा कामाचा दिवस संपण्याआधी द्यावे लागतात. व्यवस्थापक पदावरचे लोक संहितेतल्या ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत. त्यांच्या रजेला करारच लागू. किरकोळ रजेचे (सीएल) पैसे मिळतील असं धरू नका.

घरी बसलेल्या काळात दुसरीकडे रुजू होऊ नका. पीएफमध्ये दोन्ही नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढतात आणि पुढे ट्रान्सफरच्या वेळी खुलासा मागितला जाऊ शकतो. नोकरी सोडल्याची तारीख नोटीसचा शेवटचा दिवस हीच लागली पाहिजे, घरी बसवल्याचा दिवस नव्हे.

पैसे अडवले तर आधी कंपनीला लेखी मागणी, मग वरच्या सगळ्या प्रती जोडून सोलापुरातल्या सरकारी कामगार कार्यालयात अर्ज. वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे.