देहरादूनचा बर्फ: एका हॉलची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२५ मध्ये देहरादूनच्या रायपूर भागातल्या ‘हिमाद्री’ आईस रिंकवर आशियाई पातळीची शॉर्ट ट्रॅक स्केटिंग (बर्फावरच्या छोट्या मार्गावर वेगाने धावण्याची) स्पर्धा झाली आणि हॉल नवाकोरा असल्यासारखं त्याचं कौतुक सुरू झालं. हॉल २०११ चा आहे. नूतनीकरण झालं हे खरं, पण मधल्या वर्षांत बहुतेक काळ आत बर्फच नव्हता.

मागचा इतिहास थोडक्यात. सिमल्यात १९२० पासून थंडीच्या भरवशावर रिंक चालत आलं आहे. लडाखमध्ये १९७० च्या दशकात लष्करी जवानांनी आईस हॉकी रुजवली. लष्करी बुटांना पाती ठोकून, लेहच्या कार्झू तलावावर. आजही राष्ट्रीय संघात लडाखी मुलामुलींचाच भरणा असतो.

मग देशाचं मोठं इनडोअर रिंक देहरादूनला का? वाद इथून सुरू होतो, आणि तो अजून मिटलेला नाही. जानेवारी २०११ मध्ये पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा उत्तराखंडात झाल्या. मराठीत आपण दोन्हीला ‘बर्फ’च म्हणतो, पण आयोजकांना भुरभुरीत बर्फ वेगळा आणि गोठलेल्या पाण्याचा वेगळा. पहिला उत्तराखंडातल्याच औली या डोंगरी ठिकाणच्या उतारावर होता, स्कीइंग तिकडे गेलं. दुसऱ्यासाठी राजधानीत हॉल उभारला गेला. देहरादून साधारण ६४० मीटर उंचीवर, तिथे थंडीतही तळं गोठत नाही. हिमाद्री म्हणजे बर्फाचा डोंगर. नाव ठेवणाऱ्यांना दाद द्यायला हवी.

लडाखच्या बाजूने बोलणारे म्हणतात, खेळाडू आमच्याकडे, थंडी आमच्याकडे, आणि इमारत तुमच्याकडे. तक्रार रास्त आहे, पण अर्धीच. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये उघड्यावरचा बर्फ खेळण्याजोगा टिकतो तो जेमतेम दोनेक महिने. तोही आपोआप होत नाही. रात्री कडाक्याच्या थंडीत माणसं पाइप धरून उभी राहतात, पाणी सोडतात, थर गोठला की पुन्हा सोडतात. दुपारी ऊन लागलं की वरचा थर मऊ पडतो. त्यामुळे ‘नैसर्गिक’ बर्फ म्हणजे फुकटचा बर्फ नव्हे. शिवाय हिवाळ्यात लेहला पोचायचं तर मुख्य भरवसा विमानावर. देहरादूनला रेल्वे आहे, रस्ता आहे, विमानतळही आहे.

उलट ‘कृत्रिम’ या शब्दानेही घोळ घातला. अनेकांना वाटतं, प्लॅस्टिकचा पत्रा असेल. तसं नाही, बर्फ खराच असतो. काँक्रीटच्या लादीत नळ्यांचं जाळं असतं, त्यातून उणे तापमानाचं द्रावण फिरत राहतं आणि वर तीनेक सेंटीमीटरचा थर गोठतो. पांढरा रंग आणि हॉकीच्या रेषा त्या थराच्या आतच असतात. साठ बाय तीस मीटरचा हा तुकडा गोठलेला ठेवायला कॉम्प्रेसर अखंड चालवावे लागतात, हवेतली दमट वाफही ओढून काढावी लागते. नाहीतर देहरादूनच्या पावसाळ्यात हॉलभर धुकं साचायचं. म्हणजे रिंक ही एकदा फीत कापून मोकळं होण्याची वस्तू नाही, दर महिन्याचं वीजबिल आहे.

आणि नेमकं तेच कोणी धरलं नव्हतं. मार्च २०१२ मध्ये इथे आशियाई चॅलेंज कपची आईस हॉकी झाली. पुढे देखभालीला पैसा नाही, विजेचा खर्च झेपत नाही, म्हणून यंत्रं थांबली. दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धाही पुन्हा भरल्या नाहीत. माझ्या मते जागेच्या वादाने या चुकीवर पांघरूणच घातलं. हाच हॉल लेहला बांधून बिलाची सोय केली नसती, तर तोही उन्हाळ्यात रिकामाच पडला असता.

रिंक बंद असताना खेळाडूंनी सराव केला तो गुरुग्रामच्या मॉलमधल्या छोट्या रिंकवर किंवा परदेशात. (एस्सेल वर्ल्डच्या रिंकवर कठडा धरून सरकलेल्या आपल्या पिढीला छोटं म्हणजे किती ते सांगायला नको.) भारतीय महिलांनी आईस हॉकीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला तो २०१७ मध्ये बँकॉकला, फिलिपिन्सविरुद्ध. खेलो इंडिया हिवाळी खेळांतली आईस हॉकी २०२४ आणि २०२५ मध्ये लेहलाच झाली, थंडीच्याच दिवसांत.

जून २०२५ मध्ये महिला संघाने आशिया चषकात कांस्यपदक घेतलं. ती स्पर्धा अमिरातीतल्या अल ऐनला होती: वाळवंटातलं शहर, भर उन्हाळा, आणि आत चोख बर्फ.