खनिज स्वामित्व

जमिनीखालच्या खनिजाचा मालक कोण, ते काढण्याची परवानगी कोणी द्यायची आणि मोबदला कोणाच्या हाती जायचा, हे ठरविणारे कायदेशीर नियम. जमीन एकाची आणि तिच्या पोटातले खनिज दुसऱ्याचे, ही स्थिती ऐकायला विचित्र वाटली तरी जगात तीच अधिक आढळते.

या विषयात दोन जुन्या कल्पना एकमेकींशी भांडत आल्या आहेत. पहिली : ज्याची जमीन, त्याचेच वरचे आकाश आणि खालचे पाताळ. हे सूत्र रोमन म्हणून सांगितले जाते. ते रूढ झाले मात्र तेराव्या शतकातील बोलोन्याचा भाष्यकार अक्कुर्सियस याच्या टीपांमुळे. दुसरी : धातू राजाचा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात भूमीतील धातूंचा अर्धा वाटा राजाला दिला आहे, कारण तो भूमीचा अधिपती आणि रक्षणकर्ता. कौटिल्याच्या राज्यव्यवस्थेत खाणींसाठी आकराध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारीच आहे.

इंग्लंडमध्ये हा झगडा १५६८ मध्ये न्यायालयात गेला. केझिकजवळ नॉर्थंबरलंडच्या अर्लच्या जमिनीत तांबे निघाले आणि राणी एलिझाबेथच्या वतीने त्यावर दावा सांगण्यात आला. जमीन कोणाचीही असो, सोन्याचांदीच्या खाणी राजमुकुटाच्या, म्हणजे राजसत्तेच्या, असा निर्णय लागला. एवढेच नव्हे, तर तांब्यात सोन्याचांदीचा अंश असला तरी ती खाण राजमुकुटाचीच, असे बहुसंख्य न्यायाधीशांनी ठरविले. म्हणजे धातूचा कस चांगला निघणे हीच मालकाची आपत्ती. १६८८ व १६९३ च्या कायद्यांनी ती दूर केली. कोळसा मात्र जमीनमालकांकडे राहिला, तो थेट १९३८ च्या कायद्याने काढून घेईपर्यंत. खनिज तेल त्याआधी, १९३४ मध्येच राजमुकुटाकडे गेले होते.

फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेने जमिनीच्या मालकीत वरचे व खालचे दोन्ही धरले, फक्त खाणींच्या कायद्यांचा अपवाद ठेवला. १८१० च्या कायद्याने तो अपवाद एवढा मोठा केला की खाण चालवायची तर शासनाची सनद हवी, आणि ती जमीनमालकालाच मिळेल याची शाश्वती नाही. दगडाच्या खाणी तेवढ्या मालकाकडे उरल्या.

अमेरिकेत खासगी मालकी टिकली, पण तिचे तुकडे झाले. तेथे भूपृष्ठ विकून खनिज स्वतःकडे ठेवता येते, आणि खनिजाच्या मालकाला ते काढण्यापुरता भूपृष्ठाचा वापर करता येतो. पेन्सिल्व्हेनियातील एका कोळसा कंपनीने १८७८ मध्ये जमीन विकताना कोळसा राखून ठेवला, शिवाय जमीन खचल्यास भरपाई मागणार नाही असे खरेदीदाराकडून लिहून घेतले. पुढे राज्याने घरांखालच्या अशा खोदकामास बंदी केली. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरविली : मोबदला न देता कंपनीची मालमत्ताच हिरावली जात आहे, असे न्यायमूर्ती होम्स यांचे म्हणणे. घरमालकाचे घर ही त्या हिशेबात दुय्यम बाब ठरली. तशाच धाटणीचा नंतरचा कायदा मात्र त्याच न्यायालयाने १९८७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी टिकविला.

भारतात १९५७ चा खाणी व खनिजे कायदा खाणकामाचे नियमन करतो, पण खनिजाची मालकी शासनाकडे सोपवत नाही. हा फरक बारीक वाटतो. मलबारमधील जन्मी, म्हणजे वंशपरंपरागत पूर्ण मालकीच्या, जमिनींच्या खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरच निकाल दिला. वैध कायद्याने हक्क काढून घेतला नसेल, तर भूगर्भातील खनिज जमिनीच्या मालकाचे. तरीही तो मनाला येईल तसे खणू शकत नाही, परवाना लागतोच. ‘वैध कायद्याने’ ही अट पोकळ नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ४८ पाहावे : सनदेत स्पष्ट वेगळे नसेल तर सर्व खनिजे राज्य शासनाची. २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, हा कर नसून खाणपट्टा देणाऱ्याला मिळणारा मोबदला आहे, असा निर्णय आठ विरुद्ध एक मताने दिला.

मुळात खनिज कशाला म्हणायचे, यावरही वाद होतात. शास्त्रीय अर्थ घेतला तर वाळू, माती, दगड सारेच खनिज, आणि मालकाकडे जमीन म्हणून काही उरतच नाही. म्हणून तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या लॉर्ड्स सभागृहाने १९१० मध्ये रेल्वेच्या एका खटल्यात व्यवहारातला अर्थ प्रमाण मानला आणि वालुकाश्म खनिजातून वगळला.

खनिज हातचे गेले तरी भूपृष्ठाच्या मालकाला खालून आधार मिळण्याचा हक्क इंग्लिश न्यायालयांनी १८५० मध्येच मान्य केला होता. खोलवरच्या हक्काची किंमत मात्र २०१० मध्ये कळली. सरे परगण्यात एका इस्टेटीखालून, सुमारे ८०० ते २,८०० फुटांवरून, शेजारच्या जमिनीतून तिरक्या तेलविहिरी गेल्या होत्या. तेल राजमुकुटाचे, पण विनापरवाना जमिनीखालून जाणे हे अतिक्रमणच, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. भरपाई ठरली १,००० पौंड. २०१५ च्या कायद्याने ३०० मीटरखालची जमीन तेल, वायू व भूऔष्णिक ऊर्जेसाठी वापरण्याचा हक्कच देऊन टाकला.