बालसंगोपन योजनेचा अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि गावच्या समितीचे काम

घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्यापर्यंत गाव दारात असते. नेमक्या त्याच दिवसांत एक काम उरकायला हवे असते आणि दुःखाच्या गडबडीत तेच राहून जाते: मृत्यूची नोंद. 21 दिवसांच्या आत कळवले तर ती विनाशुल्क होते. महिना उलटला की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि वर्ष उलटले की दंडाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. मुलांच्या मदतीसाठी अर्ज भरायला घेतला की पहिला अडसर इथेच येतो.

म्हणून ही माहिती मुले सांभाळणाऱ्या आईने किंवा आजीने तर वाचावीच, पण सरपंच, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि मुख्याध्यापक यांनीही वाचावी. अर्जावर सही एका बाईची असते. तो पुढे सरकतो तो मात्र गावातल्या चार जबाबदार माणसांनी हात लावला तरच.

कोणती मदत, किती

महाराष्ट्र शासनाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र मुलाला दरमहा 2,250 रुपये मिळतात. मूल 18 वर्षांचे होईपर्यंत ही मदत चालू राहू शकते. मुलाला बालगृहात टाकण्याची वेळ येऊ नये, त्याने आपल्या माणसांत राहून शिकावे, हा तिचा हेतू.

दुसरी केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व योजना. तिच्यात दरमहा 4,000 रुपये आहेत, पण उत्पन्नाची अट कडक आहे: ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 72,000 रुपयांच्या आत, इतरत्र 96,000 रुपयांच्या आत. एका मुलाला दोन्हींचा लाभ एकाच वेळी मिळत नाही. आपले मूल कोणत्या योजनेत बसते ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात आधी विचारून घ्यावे. उत्पन्नाचा दाखला हातात असेल तर हे दोन मिनिटांत ठरते.

पात्र कोण

बालसंगोपन म्हणजे कोविडमध्ये आईवडील गेलेल्या मुलांची योजना, असा समज आजही गावोगाव आहे. तो खोटा आहे. ही योजना कोविडच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. आई-वडिलांपैकी एक किंवा दोघेही नाहीत, मग मृत्यू अपघाताने झालेला असो, आजाराने असो की आत्महत्येने, असे मूल तिच्यात येते. घटस्फोटित किंवा टाकलेल्या बाईची मुले येतात. अविवाहित मातेचे मूल, आई किंवा वडील तुरुंगात असलेले मूल, पालक दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले मूल, एचआयव्ही किंवा कुष्ठरोगाची झळ बसलेल्या घरातले मूल, यांचाही विचार होतो. आईने दुसरे घर केले आणि मुले आजीकडे राहिली, तर सांभाळणारी आजी अर्ज करू शकते.

सर्वांत जास्त गाळली जातात ती टाकलेल्या बायकांची मुले. विधवेकडे निदान मृत्यूचा दाखला असतो. नवरा सहा वर्षांपूर्वी निघून गेला, कोर्टात कोणी गेले नाही, अशा बाईकडे दाखवायला काहीच नसते. तिच्या बाबतीत प्रतिज्ञापत्र आणि गावातली चौकशी यांवरच भिस्त असते, आणि ही चौकशी गावातल्याच माणसांच्या सांगण्यावर उभी राहते. पोलीस पाटील आणि शेजारी यांनी खरे ते लेखी दिले तर तिची बाजू मांडता येते. त्यांनी ‘भानगड नको’ म्हणून अंग काढून घेतले, तर तिच्या मुलांचा हक्क तिथेच बुडाला.

कागदपत्रे

विहित नमुन्यातला अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात मिळतो. त्याला पैसे लागत नाहीत. सोबत मुलाचे आणि पालकाचे आधार कार्ड, रेशन कार्ड, शाळेचे बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा रहिवासी दाखला, आई-वडिलांपैकी जे वारले त्यांचा मृत्यू दाखला, बँक पासबुकाची झेरॉक्स, मुलाचे पासपोर्ट फोटो, आणि राहत्या घरासमोर मुले व पालक एकत्र उभे असलेला पोस्टकार्ड आकाराचा फोटो. आजारपण, अपंगत्व किंवा तुरुंगवास हे कारण असेल तर त्याचा दाखला वेगळा जोडावा लागतो.

तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला नावाचा. आधारवर ‘सुनिता’, शाळेत ‘सुनीता’, पासबुकात माहेरचे आडनाव, असे असेल तर अर्ज नेण्याआधीच दुरुस्त करून घ्या. दुसरा खात्याचा. पैसे थेट खात्यात येतात, म्हणून खाते आधारशी जोडलेले आणि चालू असायला हवे. वापर नसल्याने बंद पडलेले खाते जोडले की मंजुरी येऊनही हातात काही पडत नाही. तिसरा मृत्यू दाखल्याचा. नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते, राहत्या गावी नाही. बीडचा माणूस कोल्हापूरकडे ऊसतोडीच्या फडावर वारला, तर दाखला तिकडच्या ग्रामपंचायतीचा किंवा दवाखाना ज्या हद्दीत आहे तिथल्या कार्यालयाचा. विधवा बाई एकटीने दोन पोरे घेऊन तिकडे जाणार कशी? इथे सरपंचांनी किंवा ग्रामसेवकांनी त्या कार्यालयात फोन करून कामाला तोंड फोडले तरी तिची एक खेप वाचते.

अर्ज कोणत्या वाटेने जातो

अर्ज दाखल झाला की बाल संरक्षण कक्षाचा कर्मचारी किंवा नेमलेल्या संस्थेचा कार्यकर्ता घरी येतो. घर, कमाई, मुलांची शाळा, सांभाळणारे कोण, हे पाहून गृहचौकशी अहवाल लिहितो. पुढे प्रकरण बाल कल्याण समितीसमोर जाते. बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मुलाला आणि पालकाला तिथे बोलावतात, मूळ कागद पाहतात, मग आदेश होतो. त्या दिवशी मूळ कागदांची पिशवी सोबत हवीच. मुलांनी घाबरायचे कारण नाही. ते कोर्ट नव्हे, तिथे मुलाशी बोलणे हाच कामाचा भाग असतो.

अर्ज दिल्यावर पोहोच घ्या, तारखेसकट. एजंटाला पैसे देऊ नका. ‘साहेबांना द्यावे लागतात’ असे कोणी म्हणाले तर थेट जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा.

ग्राम बाल संरक्षण समितीने काय करावे

प्रत्येक गावात ही समिती असणे अपेक्षित आहे. अध्यक्ष सरपंच, सदस्य सचिव अंगणवाडी सेविका, सोबत पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशा, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, आणि मुलांचे प्रतिनिधी म्हणून एक मुलगा व एक मुलगी. शहरात हेच काम प्रभाग पातळीवर व्हायचे असते. कागदावर समिती असते, वहीत बैठकीच्या सह्याही असतात. पण गावात किती मुले एकल पालकाची आहेत असे विचारले तर उत्तर येत नाही. मला यात कोणाचा आळस दिसत नाही. सेविकेवर आधीच पोषण, लसीकरण, सर्वेक्षणे यांचा ढीग आहे, आणि समितीने नेमके काय करायचे हे तिला कोणी बसून सांगितलेले नसते.

सुरुवात यादीने करावी. सेविकेच्या रजिस्टरमध्ये घरोघरची मुले असतात, मुख्याध्यापकांकडे गैरहजेरी असते, आशाताईंना आजारी घरे ठाऊक असतात, जन्म-मृत्यूची नोंदवही ग्रामसेवकांकडे असते. या चौघांनी एका दुपारी एकत्र बसून माहिती जुळवली की पात्र मुलांची नावे समोर येतात. मग प्रत्येक नावापुढे कोणता कागद आहे, कोणता नाही, आणि नसलेला कोण आणून देणार ते लिहायचे. ‘कोण’ हा रकाना मोकळा ठेवू नये.

ही यादी ग्रामसभेत वाचायची नाही, व्हॉट्सॲपवर टाकायची नाही, मदत मिळालेल्या मुलांचे फोटोही फिरवायचे नाहीत. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ज्या घरात एचआयव्ही आहे त्या घरासाठी तर ही गुप्तता जिवापाड जपण्याची गोष्ट आहे. एकदा बोभाटा झाला की ती आई पुन्हा कोणत्याच कार्यालयाची पायरी चढणार नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या गावांना वेळेचे गणित वेगळे बांधावे लागते. दिवाळीच्या आगेमागे बैलगाड्या, ट्रॅक्टर निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोडणीचा हंगाम संपेपर्यंत, आई गावात नसते. गृहचौकशीला कर्मचारी जानेवारीत आला तर दाराला कुलूप. बाल कल्याण समितीच्या बोलावण्याचे पत्र आले तर घ्यायला म्हातारी आजी, तिला वाचता येत नाही. अशा गावात अर्जाचे सगळे काम जूनपासूनच हाती घ्यावे: शाळा सुरू होताच बोनाफाईड, जून-जुलैत उत्पन्नाचा दाखला, आणि तोडणीची माणसे निघण्याआधी गृहचौकशी व्हावी म्हणून बाल संरक्षण कक्षाला गावच्या समितीचे पत्र. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणीही शाळा व्यवस्थापन समितीने त्याच सुमारास करावी. संपर्कासाठी आईचा नंबर न देता, हंगामभर गावात असणाऱ्या माणसाचा द्यावा.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. वार्षिक आराखडा ठरतो तेव्हा समितीने आपले म्हणणे लेखी मांडावे.

समितीने मिटवायच्या नसतात अशाही गोष्टी आहेत. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, गावकीत बसून तडजोड करणे नव्हे. बालविवाहाची कुणकुण लागली तर ग्रामसेवक हेच प्रतिबंधक अधिकारी आहेत. हरवलेले, एकटे सापडलेले मूल दिसले तर 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करा. अशा मुलाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते, ‘दोन दिवस आमच्याकडे राहू दे’ चालत नाही.

मंजुरीनंतर

मूल नियमित शाळेत जाते आहे हे अधूनमधून पाहिले जाते. दरवर्षी नवे बोनाफाईड द्यावे, पत्ता, शाळा किंवा खाते बदलले तर लगेच कळवावे. मूल वसतिगृहात किंवा बालगृहात गेले तर तेही सांगावे लागते, कारण कुटुंबात राहणे ही मदतीची मूळ अट आहे. हप्ते थकले तर आधी पासबुक भरून घ्या, खाते आधारला जोडलेले आहे का ते बँकेत तपासा, मग आदेशाची प्रत घेऊन कक्षात जा.

अर्ज नाकारला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका, कारण लेखी मागा. प्रायोजकत्वाबाबत बाल कल्याण समितीचा निर्णय मान्य नसेल तर 30 दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. ते अपील लिहून द्यायला आणि आईसोबत जिल्ह्याच्या गावी जायला गावच्या समितीतले एक माणूस मोकळे ठेवावे.