सेझिंकोट : इंग्रजी डोंगरउतारावरील हिंदुस्थानी वास्तू

इंग्लंडमधील ग्लूस्टरशायर परगण्यात, कॉट्सवोल्डच्या टेकड्यांवर उभे असलेले सेझिंकोट हे निवासस्थान संरक्षित इमारतींच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे ‘ग्रेड वन’मध्ये मोडते. तांब्याच्या पत्र्याने मढवलेला कांद्याच्या आकाराचा घुमट, कोपऱ्यांवरच्या छत्र्या (छोटे घुमटीवजा मंडप), भिंतीबाहेर खोल झुकलेले छज्जे आणि मोरपिसाऱ्यासारख्या कमानींच्या खिडक्या पाहिल्यावर या घराचे मूळ ईस्ट इंडिया कंपनीच्या इतिहासातच शोधावे लागते.

कंपनीच्या लष्करातील कर्नल जॉन कॉकरेल यांनी १७९५ मध्ये ही जमीनदारी विकत घेतली. १७९८ मध्ये ते वारले आणि पुढे ती त्यांचे धाकटे बंधू चार्ल्स यांच्याकडे आली. चार्ल्स यांनी कलकत्त्यात कंपनीच्या सेवेत आणि व्यापारात मोठी संपत्ती कमावली होती. हिंदुस्थानातून गेलेल्या पैशावरच हे घर उभे राहिले, हे त्याचे सौंदर्य वाखाणताना नजरेआड करता येत नाही. १८०५ च्या सुमारास घराचा आराखडा तिसरे बंधू, वास्तुविशारद सॅम्युअल पेपिस कॉकरेल यांनी केला.

हिंदुस्थानी तपशिलांसाठी मात्र चित्रकार थॉमस डॅनियल यांची मदत घ्यावी लागली. पुतण्या विल्यमसह त्यांनी अनेक वर्षे देशभर हिंडून देवळे, मशिदी व मकबरे रेखाटले होते आणि १७९३ मध्ये मुंबई परिसरातील लेणीही पाहिली होती. त्यांनी आखलेल्या बागेतील पुलाचे खांब घारापुरीच्या खांबांच्या धर्तीवर असून कठड्यावर नंदी बसवले आहेत. ओढ्याच्या वरच्या अंगाला सूर्यदेवतेचे छोटे मंदिर आहे. मुघल कमानींशेजारी नंदी मांडताना परंपरांमधील भेद जपण्याचा आग्रह नव्हता, आणि घरात पाऊल टाकताच तर ग्रीक-रोमन वळणाची दालने लागतात. हिंदुस्थान दर्शनी भागापुरताच स्वीकारला गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही या दर्शनी भागाचा प्रभाव दूरवर पोहोचला. १८०७ मध्ये युवराजांनी, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्ज राजांनी, सेझिंकोटला भेट दिली. ब्रायटन येथील त्यांच्या पॅव्हिलियन या राजवाड्याला वास्तुविशारद जॉन नॅश यांनी १८१५ पासून जे घुमटांचे रूप दिले, त्यामागे या भेटीचा वाटा मानला जातो. सेझिंकोटच्या बागरचनेत सल्ला देणारे हंफ्री रेप्टन यांनीही ब्रायटनसाठी हिंदुस्थानी शैलीचा आराखडा केला होता, परंतु तो कागदावरच राहिला.